पारखायला एक संध्याकाळ

बाबा, भिसेगावच्या घरामागचा तबेला मी गेल्या महिन्यात पाडून घेतला. दावणीचे खुंटे भंगारवाल्याने नेले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी स्टेशनवरचे जुने टांगेवाले भेटले की सांगतात, तुझ्या बापानं घोड्याच्या गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नाय. मी मान हलवते. ते खरंच आहे. तुम्ही स्वतः कधी खोटं बोलला नाहीत. ते काम तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत.

घोडं आठ दिवस बघायला द्यायचं नाही, हा तुमचा नियम. त्यामागचं कारण मला ठाऊक आहे आणि ते खोटं नव्हतं. मी शाळेत होते तेव्हा खोपोलीकडच्या एका माणसाला तुम्ही पांढरा घोडा आठ दिवसांच्या बोलीवर दिला होता. लग्नसराई चालू होती. नवव्या दिवशी घोडा परत आला तो पाठ सोलवटून, आयाळीत जरीचे धागे अडकलेले. त्या माणसाने आठ दिवस फुकटात नवरदेव मिरवून घेतले आणि आपल्याच ओट्यावर चहा पिऊन ‘पसंत नाय पडला’ म्हणून निघून गेला. आई हळदीच्या पाण्याने ती पाठ धूत होती. तुम्ही उंबऱ्यात बसून म्हणालात, ‘यापुढं दावं सुटलं म्हंजी इकलं.’ तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता. पुढे तुम्ही त्या नियमाचं काय केलंत ते मला माहीत नसतं, तर आजही वाटला असता.

तांबडी घोडी आली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तिची दाण्याची चंदी, खरारा, नदीवर नेणं, सगळं माझ्याकडे. एका संध्याकाळी नदीवरून येताना ती पायवाट सोडून कुंपणात शिरली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बादली समोर असून तोंडाने हवेतच शोधत राहिली. सकाळी मात्र डोळे स्वच्छ, चाल सरळ. मी तुम्हाला सांगितलं. ‘तुला काय कळतंय गं,’ म्हणालात. पण त्याच दिवशी ऊन उतरल्यावर तुम्ही अंगणात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक बांबू आडवा बांधलात आणि घोडीला लांबून हाक मारलीत. तुमच्या हाकेला ती नेहमी धावत यायची. तशीच आली, बांबूवर आदळली, पुढच्या गुडघ्यांवर बसली. तुम्ही बांबू सोडलात, तिच्या गुडघ्यांची माती पुसलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘बाहेर बोलायचं नाय.’ त्या दिवसापासून तिला जुंपलेला आपला टांगा दिवस मावळायच्या आत घरी येऊ लागला. शेजारी म्हणाले, म्हातारा आता जपतो जिवाला.

मग खालापूरचा तो टांगेवाला आला. तुमच्याच वयाचा, पायात टायरच्या चपला. त्याचा घोडा पोटदुखीने मेला होता आणि घरी रिकामा टांगा उभा होता. तुम्ही त्याला सकाळी दहाला बोलावलंत. कडावच्या रस्त्यावर घोडी पळवून दाखवलीत, वळवून दाखवलीत, बसच्या हॉर्नजवळ उभी करून दाखवलीत. घोडी खरोखर सुंदर पळाली. त्याने तिचे दात पाहिले, खूर पाहिले, आणि म्हणाला, ‘आठ दिस द्या, चालवून बघतो.’

‘घोडं म्हंजी काय आंबा हाय, दाबून बघायला?’

‘आंबेवाला निदान हुंगू तरी देतो, दादा.’

तुम्ही हसलात. तोही हसला. मग तुम्ही पांढऱ्या घोड्याची गोष्ट सांगितलीत, जरीच्या धाग्यांसकट. त्याला ती पटली. ‘बरोबर हाय तुमचं,’ म्हणाला. ‘मग असं करू. आमी घोडं नेतच नाय. आजची रात तुमच्याच ओट्यावर पडतो. सांजचं तुमच्या डोळ्यांसमोर चार फेऱ्या मारतो, सकाळी पैसे देऊन जातो.’

आठ दिवसांवरून तो एका संध्याकाळवर आला होता. पाठ सोलवटण्याची भीती नव्हती, घोडी अंगणाबाहेर जाणार नव्हती. तुमच्या नियमाला जे कारण होतं त्यातलं काहीच उरलं नव्हतं. आणि तुम्ही म्हणालात, ‘नाय. आमच्याकडं तशी रीत नाय.’

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘बाय, तू दाणा घालतेस ना तिला? तू सांग. काय खोड?’

तुम्ही लगामाची कडी तपासत होता. मान वर केली नाहीत. मी म्हणाले, ‘नाय काय.’ त्याने लगेच पैसे काढले. माझ्या शब्दावर. आई पोहे घेऊन आली तर तुम्ही तिला थांबवलंत आणि त्याला म्हणालात, ‘लांबचा पल्ला हाय, ऊन हाय तवर निघा.’ तो जाताना मला म्हणाला, तुजा बाप मोठा काळजीचा माणूस. बाबा, तुमच्या बाकी सगळ्या गोष्टींवर काळाची धूळ बसली. ते ‘ऊन हाय तवर निघा’ मात्र अजून मला तुमच्या आवाजात ऐकू येतं.

आठवडा झाला नाही तोच बातमी आली. संध्याकाळची शेवटची सवारी सोडून तो परतत होता. ओढ्यावरच्या मोरीला कठडा नव्हता. घोडी सरळ चालत गेली. तिचे दोन्ही पुढचे पाय मोडले, त्याची मांडी. बातमी ऐकून तुम्ही जेवलात, पान पुन्हा वाढून घेतलंत आणि म्हणालात, ‘इकलेल्या घोड्याचं आपल्याला काय.’ मी त्यानंतर तुमच्याशी कामापुरतं बोलले. तुम्हाला वाटलं, पोरगी शिकून शेफारली. मी तुम्हाला तसंच वाटू दिलं. तुमच्या तेराव्यालाही माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत, हे एक वाक्य मी इतकी वर्षं जवळ बाळगलं आणि त्यावर माझं बरंच भागलं.

पुढे शिक्षिका झाले. खालापूर तालुक्यात बदली आली होती, तीन-तीनदा अर्ज करून ती रद्द करून घेतली. कारण म्हणून तब्येत लिहिली.

तुम्हाला न सांगितलेली गोष्ट एवढीच. तो परत आला होता. चार महिन्यांनी, भर दुपारी, काठी टेकत. ओट्यावर बसला, पाणी प्यायला. भांडला नाही. पैशाचं नाव काढलं नाही. म्हणाला, ‘मी हाकताना चुकलो, का ती आधीपासून तशी हुती, एवढंच समजलं म्हंजी झालं. घरचे म्हंतात, म्हाताऱ्याचाच हात चुकला. बाय, तुला म्हाईत हुतं?’

मी ‘नाय’ म्हणाले.

तुम्ही त्या दिवशी पनवेलला गेला होता.