डावीकडे बसलेले व्याही

कैरुवान, बुधवार दुपार

वन्सं दलीला यांना मन्नूबियाचा सलाम. अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो, तुमच्या गुडघ्यांना उतार पडो आणि तुमच्या सुनेला तुम्हाला सोसायची ताकद मिळो. तिकडे सगळी मंडळी खुशाल असतील असं मी आपलं धरून चालते, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. रविवारपासून सतरा वेळा फोन लावला. सतराही वेळा वाजून वाजून बंद झाला. शेवटी चौथीत शाळा सोडलेल्या बाईला कागद घेऊन बसावं लागलं. महदियाला जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती हे पत्र देते आहे. अक्षर बघू नका, मजकूर बघा. आणि हो, उभ्यानं वाचू नका, बसून घ्या. मी उभी होते, मला अजून धड बसता येत नाही अशी माझी अवस्था आहे.

तुमच्यापर्यंत काय पोचलंय ते मला ठाऊक आहे. सी मुंजी महदियाहून मुलाला, शुक्रीला, घेऊन आमच्या लेकीला, बय्याला, मागणी घालायला आले, आणि तुमच्या भावानं त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही, सलामाला जवाब दिला नाही, वर नवऱ्या मुलाच्या पुढ्यातलं मटण उचलून खाल्लं. सोयरीक पक्की करायचा फातिहा न पढता पाहुणे उठले आणि सोयरीक मोडली. आणि सोयरीक जुळवली होती तुम्ही, त्यामुळे तुमच्या गल्लीत तुमचं नाक कापलं गेलं. (तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात की, माझा भाऊ असा नव्हता, मन्नूबियानं चोवीस वर्षांत त्याला जनावर केलं. तेही पोचलं. वाईट बातमीला गाडीभाडं लागत नाही.) तर वन्सं, ऐका. जे ऐकलंत त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मान फिरवली, मटण खाल्लं, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. फक्त ते करणारा माणूस तुमचा भाऊ नव्हता. म्हणजे होता, पण अर्धाच होता. हसू नका, मी डॉक्टरांचे शब्द सांगते आहे.

रविवारी दुपारी मी सगळ्यांना मिळून जेवायला तांब्याची मोठी परात मांडली. (तुमच्या भावाच्या हातची, चार दिवसांपूर्वी कल्हई केलेली. चेहरा दिसेल अशी.) वर कुसकुस, चणे, भोपळा, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात मटणाचा तुकडा मी स्वतः मोजून ठेवला. सी मुंजी व्याही म्हणून यांच्या डाव्या हाताला बसले, शुक्री उजव्या हाताला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. परातीचा कायदा मी तुम्हाला सांगायचा म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. ज्यानं त्यानं आपल्या पुढ्यातलं खावं. दुसऱ्याच्या हद्दीत चमचा घातला तर आपण तीन वर्षांच्या पोरालाही धपाटा घालतो. आणि इथं छप्पन्न वर्षांचा घोडा, कल्हईवाल्यांच्या बाजारात ज्याच्या शब्दाला मान आहे असा, भर सोयऱ्यांत काय करतो? आपल्या पुढ्यातलं उजवीकडचं अर्धं तळ दिसेपर्यंत साफ करतो. डावीकडचं अर्धं, ज्यात त्याचा स्वतःचा मटणाचा तुकडा डोंगरासारखा बसलाय, त्याला हात नाही. मग चमचा सरकतो उजवीकडे. सीमा ओलांडतो. शुक्रीच्या पुढ्यातली नळी उचलतो, चोखतो, आणि वर माझ्याकडे बघून म्हणतो, "आज मटण फारच कमी घातलंस गं."

वन्सं, माझ्या पायाखालची फरशी गेली. मी डोळ्यांनी खुणा केल्या. नाही दिसल्या. (हे नेहमीचं. ज्या माणसाला चोवीस वर्षं बायको दिसली नाही त्याला खुणा कुठून दिसणार. म्हणून तर मला संशय आला नाही.) तेवढ्यात सी मुंजींनी घसा साफ केला आणि अगदी रीतसर, नावाला मानाचं 'सी' लावून म्हणाले, "सी तुहामी, आम्ही तुमच्या दारी मागणं घेऊन आलो आहोत." तुमचे भाऊ मान वळवतात ती शुक्रीकडे, आणि लाडानं विचारतात, "माग ना बाळा, काय हवंय? हरिसाची चटणी?"

सी मुंजींनी तो अपमान गिळला. पुन्हा म्हणाले, आणखी मोठ्यानं. हे पुन्हा शुक्रीलाच, "अरे, ऐकतोय मी, बोल की." पोराचं तोंड लाल. तो बापाकडे बघतो, बाप माझ्याकडे, मी छताकडे. मग सी मुंजी उठले, हात धुतले, आणि म्हणाले, "चल शुक्री. या घरात आपण कुणाला दिसत नाही." गेले. बय्या आतल्या खोलीत नवीन कपड्यांत बसली होती, तिनं दार लावून घेतलं.

मग मी तोंड सोडलं. त्यात मी काय काय म्हटलं ते लिहीत नाही, पत्र गाडीवाल्याच्या हाती जाणार आहे. हे आपले शांत. मला म्हणतात, "एवढी का चिडतेस? मुंजी आलाच कुठं होता? पोरगा एकटाच आला होता." मी चप्पल काढली. ते माझ्याकडे यायला निघाले आणि डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. मागे सरले, पुन्हा आले, पुन्हा तिथंच आपटले. भिंतीत अडकलेल्या बकऱ्यासारखे. मी डावं मनगट धरलं आणि असा चिमटा काढला की मेलेला उठावा. काही नाही. त्यांनी माझ्या हातातल्या त्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "हा कुणाचा गं?"

"तुमचा! आणखी कुणाचा?"

"छे. माझा कसा असेल? कुणीतरी विसरून गेलं असेल. नीट ठेव, मागायला येतील."

वन्सं, तिथं माझा राग संपला. कुठं गेला कुणास ठाऊक. अंगाला जो काटा आला तो आज बुधवार झाला तरी बसलेला नाही.

दवाखान्यात नेलं तर समोर आली कोण? रौदा नावाची डॉक्टरीण, बय्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल नसेल. मी विचारणारच होते की, पोरी, तुझी मोठी डॉक्टर कुठं आहे. हातात काय, तर एक टाचणी, कापसाचा बोळा आणि रबरी हातोडी. माझ्या नवऱ्याचा अर्धा देह हरवलाय आणि ही कापूस घेऊन आलीय. तिनं कागदावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाली, "बाबा, बरोबर मध्यावर खूण करा." हे कल्हईवाले, डोळ्यांनी वर्तुळाचा मध्य काढणारे. खूण केली ती पार उजव्या टोकाला. मग घड्याळ काढायला सांगितलं. गोल काढला छान. बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले, सणाच्या दिवशी गाडीत माणसं कोंबतात तसे. डावीकडे ओसाड मैदान. आणि समाधानानं म्हणाले, "झालं."

डॉक्टरीण माझ्याकडे वळली आणि स्वतःच्या उजव्या कानाच्या वर, जरा मागे, बोट ठेवून म्हणाली, "आई, इथं. खजुराएवढी जागा. तिथलं रक्त अडलंय. डोळे ठीक आहेत, कान ठीक आहेत. डावीकडे जग आहे, याची दखल घेणारी जागा झोपली आहे." मी म्हटलं, गेलंय डावं आणि तू बोट उजवीकडे ठेवतेस? ती म्हणाली, दोऱ्या मध्येच एकमेकींना ओलांडून जातात, डावं अंग उजव्या मेंदूच्या ताब्यात. (आता अल्लाच्या कामात मी कोण बोलणार, माफी असावी, पण सरळ बांधलं असतं तर काय बिघडलं असतं?) मग त्या मोठ्या यंत्रात घातलं, फोटो आला, आणि खजूर नेमका तिच्या बोटाखाली! मडक्याचं झाकण न काढता कुठला चणा करपलाय ते सांगितलं त्या पोरीनं. मी तोंडावर पदर धरून बसले.

त्यानंतर मला तेच वेड लागलंय. समोरच्या खाटेवर एक म्हातारे मास्तर आहेत. सगळं समजतं, उजवा हात लुळा, आणि बोलायला गेलं की एकच शब्द निघतो, "गुरुवार". भूक लागली गुरुवार, मुतायचंय गुरुवार. त्यांचं डावीकडे पुढच्या बाजूला बिघडलंय, बोलीचं घर तिथं. पलीकडे एक मालट्रकवाला. चेहरा ठीक, जीभ ठीक (फारच ठीक), हात ठीक, पण बेंबीखाली टाचणी टोचली तर कळत नाही. डॉक्टरीण टाचणी पायापासून वर टोचत टोचत आली, बेंबीच्या रेषेवर तो असा ओरडला की नर्सच्या हातून भांडं पडलं. तिथंच खूण केली. म्हणाली, याचं डोकं शाबूत आहे, पाठीच्या दोरात या मण्यापाशी रक्त अडलंय. वन्सं, आपल्या भांड्यांचंच बघा ना, गळतं एकीकडे, भोक असतं दुसरीकडे, आणि खरा कारागीर गळती बघून भोक सांगतो. एवढं समजल्यावर मीही केसातली पिन काढून दोघा-तिघांना टोचून बघितलं. "आई, पिन केसात ठेवा," असा मला दम मिळालाय. पण फाटकावरच्या पहारेकऱ्याचं तोंड वाकडं झालं होतं, त्याला मी कपाळाला आठ्या घालायला लावल्या. एका बाजूला पडल्याच नाहीत. मी सांगितलं, मेंदू नाही रे, चेहऱ्याची नस आहे, तरी आत जाऊन दाखव. डॉक्टरणीनं तपासलं, तेच निघालं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

असो. जीव वाचलाय. डॉक्टरीण म्हणते, शिकवलं तर डावी बाजू हळूहळू परत येईल, कितपत ते सांगता येत नाही. तुमच्या सगळ्या घराला सलाम. सुनेला सांगा, फोन उचलायला हरकत नसते.

तुमची भावजय
मन्नूबिया

ता. क. सोबत घडी घातलेला कागद आहे तो त्यांनी काढलेल्या घड्याळाचा. तो घेऊन सी मुंजींकडे जा. काही बोलू नका, नुसता पुढे धरा. म्हणावं, ज्या बाजूला हे आकडे नाहीत त्या बाजूला तुम्ही बसला होतात. ते मागावर रेशीम विणतात, अर्धं विणलेलं कापड बघितलं की त्यांना कळेल. बय्या जेवत नाही.

ता. क. दुसरा. हे लिहिणार नव्हते. सुरुवात जेवणाला झाली नाही. सकाळी सातला तुमचे भाऊ मोरीतून बाहेर आले ते अर्धी दाढी करून. डावा गाल तसाच. जुब्ब्याची डावी बाही लोंबत होती. मी म्हटलं, पाहुणे यायचेत आणि हा माणूस झोपेतच आहे. खुर्चीत बसवलं, उरलेली दाढी मीच केली, बाही मीच ओढून चढवली, आणि वर शिव्या दिल्या. डॉक्टरणीनं विचारलं, कधीपासून? मी खरं ते सांगितलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि कागदावर 'सकाळी सात' असं लिहिलं. रक्त मोकळं करायचं औषध पहिल्या चार-साडेचार तासांतच देतात, ती वेळ निघून गेली होती. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तुम्ही तरी ओरडा. मी ऐकून घेईन, उलट बोलणार नाही. (एकदाच.)

ता. क. तिसरा, आणि हाच वाचायचा होता. आम्हाला सगळ्यांना त्यांच्या डाव्या बाजूनंच बोलायला सांगितलंय, म्हणजे मान वळवायची सवय लागेल. माझ्यासाठी ते वळवत नाहीत. बय्यासाठी जेमतेम. सोमवारी त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं, ताई आली का? मी खोटं बोलले. म्हटलं, आल्यात, तुमच्या डावीकडे खुर्चीवर बसल्यात, सी मुंजीही शेजारी आहेत, पण तुम्ही बघत नाही म्हणून दोघंही रुसलेत. तेव्हापासून हा माणूस मान वळवतोय, वन्सं. घाम येईपर्यंत. काल खाटेच्या कडेपर्यंत नजर आली, आज सकाळी खिडकीपर्यंत. खिडकीच्या पुढे, खोलीतच आणखी डावीकडे, दोन खुर्च्या आहेत. परवा शुक्रवारपर्यंत पोचतील असं डॉक्टरीण म्हणते. तेव्हा त्या रिकाम्या दिसता कामा नयेत.