सात जणांनी चाचपलेलं पोट

आबा, परवा माझी सोनोग्राफी झाली. एकच मूत्रपिंड आहे, पण दोन्हींचं काम झकास ओढतंय, असं डॉक्टर म्हणाले. मला तुमची इतकी आठवण आली की दवाखान्याच्या पायरीवर एकटीच हसत बसले.

मी चार वर्षांची होते. पिंपळवंडीच्या घरात तुम्ही माझ्या परकराची नाडी बांधत होता आणि तुमची बोटं एकदम थांबली. मेंढी किती महिन्यांची गाभण आहे हे पोट चाचपून सांगणारे तुम्ही. डाव्या बाजूला काहीतरी टणक आहे, हे तुम्हाला लगेच कळलं. पण एकट्याच्या हातावर भरवसा ठेवायचा नाही, ही आपल्या मेंढरं राखणाऱ्यांची रीत. मेंढी आजारी वाटली की चार जाणत्यांनी चाचपायची, मगच बोलायचं. मग काय, मला ओट्यावर उताणं निजवलं. चुलते आले, आत्या आली, शेजारच्या वस्तीवरचे म्हातारे आले. तुम्ही एकेकाला म्हणत होता, “पावणं, तुमीबी बघा, हितं. गाठच हाये ना?” सात जणांनी दाबलं. मला गुदगुल्या होतायत, मी खिदळतेय, आणि तुम्ही पुढच्याला जागा करून देताय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं पुणं. तिथल्या डॉक्टरीणबाई हे ऐकून तापल्याच. “आता पोटाला कुणी हात लावायचा नाही. मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ आहे. दाबली तर फुटू शकते.” मग निवळून त्यांनी नीट समजावलं. लहान मुलांचा हा कॅन्सर वेगळा असतो, आईबापाच्या चुकीनं होत नाही. ते मूत्रपिंड काढायचं, सलाईनमधून औषधं द्यायची, बहुतेक पोरं बरी होतात. तुम्हाला त्यातलं ‘फुटू शकते’ एवढंच ऐकू आलं.

मी बरी झाले, आणि लई मजेत बरी झाले. माझे केस गेले तर तुम्हीही डोकं भादरून आलात. “आता आपून दोघं लोकर कातरल्याली मेंढरं,” म्हणालात, तशी वॉर्डातली पोरं हसून लोळली. पण घरी आल्यावर तुम्ही मला कधी लाडानं कडेवर घेतलं नाहीत. न्हाऊ घालणं, नाडी बांधणं, सगळं आईकडे. ती कुरकुरली की म्हणायचात, “माझ्या हातानं एकदा झालं तेवढं बास. आता नगं.”

परवा मी डॉक्टरांना विचारलंच, तेव्हा दाबल्यानं काही बिघडलं होतं का. त्यांनी जुने कागद वाचले. गाठ अख्खी निघाली होती, आबा, कुठं फुटली नव्हती. “वडलांच्या हाताला वेळेत लागली म्हणून बरं,” म्हणाले. ज्या हातानं मला वाचवलं तोच तुम्ही मरेपर्यंत माझ्यापासून लांब ठेवलात. राग येतो मला तुमचा, खरंच.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून कबूल करते. शाळेत असताना मी अधूनमधून पोट धरून बसायचे, आणि तुम्ही हातातलं टाकून, मला उचलून दवाखान्याकडे पळायचात. एकदाही दुखत नव्हतं. तुम्ही उचलून घ्यावं म्हणून करायचे.