विस्तव नाही, नुसती हवा

सोमवार, ९ जून
आज बायको, उझोआमाका, पोर्ट हारकोर्टला गेली. मुलगी बाळंत झाली, नातू झाला. आता आजीने दोन महिने तिथे राहायचं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं, बाळंतिणीला तिखटजाळ सूप पाजायचं आणि परत येताना जावयाकडून नवी लुगडी घेऊन यायचं, अशी आमची रीत. त्या दोन महिन्यांत आजोबांनी काय खायचं, याबद्दल रीत काही बोलत नाही.

जाताना दारात तिने तेच विचारलं. मी ओट्यावरच्या एअर फ्रायर ओव्हनकडे बोट दाखवलं. जावयाने नाताळात दिलेला. काचेचं दार, बारा बटणं. सहा महिने ती त्यात ब्रेड ठेवत होती. तिने पिशवी उचलली आणि निघाली. शेजारच्या एबुबेच्या आईशी मात्र फाटकात बराच वेळ कुजबुजत होती. बायकांचं काहीतरी.

संकल्प: स्वस्त, पौष्टिक, घरचं. तेल नाममात्र. डॉक्टरीणबाईंनी प्रेशरसाठी तेल-मीठ कमी सांगितलंय, पण खरं कारण वेगळं. नऊ ऑगस्टला गावी नव्या यामचा, म्हणजे शेतातून निघालेल्या हातभर लांब कंदाचा सण. पहिला याम घराण्यातल्या थोरल्याने कापायचा, पूर्वजांना दाखवायचा, पहिला घास त्याने खायचा. मग बाकीच्यांनी. चाळीस वर्षं अँब्रोजदादाने कापला. दादा गेला. आता थोरला मी.

वहिनीने दादाचा अंगरखा पाठवलाय, सोनेरी सिंहाची तोंडं विणलेला. घालून पाहिला. सातापैकी चार बटणं लागत नाहीत. दादा सडपातळ होता. साठ दिवस, चार बटणं, म्हणजे पंधरा दिवसांना एक. गणित सोपं आहे.

मंगळवार, १० जून, सकाळी ६
लाईट आहे. चवळीची भजी, बिनतेलाची. रात्री चवळी भिजवली, सालं काढली, वाटली, जाळीवर चमच्याने गोल गोल घातली.

६.२५. पीठ जाळीतून खाली गळलं. भजी तळाला झाली आहेत. म्हणजे झालं आहे. एकच, चौकोनी.

दुपारी एबुबेच्या आईच्या खानावळीत गेलो. जेवायला नाही, तपासणीला. बत्तीस वर्षं शाळा तपासनीस होतो, डोळा मेला नाही अजून. आपल्या गल्लीत लोक काय खातात ते माहीत हवं. एक ताट तपासलं. भाजीचं सूप, उकडलेली केळी, बांगड्याचा तुकडा. शेरा: मीठ कमी, तेल तर दिसतच नाही. बाई धंद्यात टिकायची नाही. शेजारच्या ताटातला लालभडक रस्सा तपासायला मागितला, तर म्हणाली संपला.

बुधवार, ११ जून
भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज एक फोटो टाकायचं ठरवलं. गटात एकेचाळीस जण. घराण्याच्या थोरल्याने वळण लावायला हवं. कालच्या भज्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘एक थेंब तेल नाही.’

चुलतभाऊ क्लीटसने विचारलं, दादा, ही फरशी कुठल्या दुकानातली? क्लीटसचं गावी मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि पोट दुकानाच्या बाहेर आहे. वयाने माझ्यानंतर तोच. मी नसलो तर याम तो कापणार. त्यामुळे त्याच्या टवाळीकडे मी लक्ष देत नाही.

शनिवार, १४ जून
अख्खा बांगडा, लिंबू, मिरची, आलं. आठव्या मिनिटाला लाईट गेली. जनरेटर लावला. आमचा जनरेटर लहान. पंखा, दोन दिवे आणि टीव्ही एवढी त्याची झेप. फ्रायरचं बटण दाबताच तो खोकला, काळा धूर सोडला आणि गप्प झाला. पंखाही गेला.

बांगडा एका बाजूने मासा, दुसऱ्या बाजूने समुद्र. फोटो भाजलेल्या बाजूचा टाकला. मग तपासणी.

गुरुवार, १९ जून
केळ्याचे काप. पुस्तिकेत बारा मिनिटं लिहिलंय. मी खात्री म्हणून तीस दिली. वरचा एक दात गेला. तसाही तो हलत होता.

संध्याकाळी उझोआमाकाचा फोन. म्हटलं, रोज मशीनवर करतो, उत्तम चाललंय. तिने विचारलं, आजच्या सूपमध्ये पालेभाजी पुरेशी होती ना. मी सूपचं नावही काढलं नव्हतं. झोप होत नाही बिचारीची, बाळ रात्रभर रडतं. मी विषय बदलला.

शुक्रवार, २७ जून
औषधांच्या दुकानात प्रेशर मोजलं. उतरलंय! दुकानदाराने यंत्र बदलून पुन्हा मोजलं. तेवढंच. आणि वरून चौथं बटण लागलं.

मशीनचा विजय. खरं म्हणजे मशीन आतापर्यंत चारदा लावलं. तरी ते ओट्यावर नुसतं असण्याचाही माणसावर परिणाम होतो. वर्गात तपासनीस नुसता उभा राहिला तरी मास्तर सरळ बसतो.

शुक्रवार, ११ जुलै
पाच बटणं. सहावं श्वास धरून.

गटावर फोटो नियमित. एबुबेच्या आईकडून ओकपा आणतो, कडधान्याच्या पिठाचा, केळीच्या पानात उकडलेला, पिवळाधमक. फ्रायरमध्ये ठेवतो, आतला दिवा लावतो, काचेतून फोटो काढतो. याला खोटं म्हणता येणार नाही. फोटोत ओकपा आहे, फ्रायर आहे. ओकपा फ्रायरमध्ये शिजला असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

पुतण्यांच्या बायका रेसिपी विचारतात. म्हटलं, सणाला आल्यावर सांगतो.

शनिवार, १९ जुलै
बाजारात नवा याम आला. ढीगच्या ढीग. अंगाला ओली माती. शहरात कोण थांबतंय सणासाठी? पाद्रीसाहेबांची स्वयंपाकीणसुद्धा दोन घेऊन गेली. पण ज्याने पहिला कापायचा, त्याने सणाआधी नव्याला तोंड लावायचं नाही. हे लहानपणापासून रक्तात आहे. दादा तर जुलैत त्या गल्लीने जातही नसे.

मी एक घेतला. खायला नाही. कापायचा सराव म्हणून. सगळं गाव बघत असणार, माझा काप वाकडा गेला तर क्लीटस जन्मभर सांगत सुटेल. खरं लिहायचं तर सुरी दोनदा हातात घेतली आणि परत ठेवली. दादाच्या जागी उभं राहायचं म्हणजे काय, ते अंगरख्याच्या बटणांवर भागत नाही.

रविवार, २० जुलै, सकाळी ६.१५
सराव झाला. आडवा काप, उभा काप, चारही दिशांना दाखवणं. उत्तम. आता कापलेला याम टाकून द्यायचा का? स्वस्त आणि पौष्टिक हा संकल्प आहे. अन्न टाकणं त्यात बसत नाही.

६.३०. विचार केला. रीत काय सांगते? नवा याम विस्तवावर भाजून सणाआधी खायचा नाही. विस्तवावर. फ्रायरमध्ये विस्तव कुठे आहे? नुसती गरम हवा. पूर्वजांना हवेबद्दल काही माहिती असण्याचं कारण नाही. त्यातून एक तुकडा म्हणजे खाणं नव्हे, तपासणी.

७.०५. देवा, काय झालाय. वरून सोनेरी, आतून कापसासारखा. पहिल्यांदाच मशीनने काही धड केलं. लहानपणी दादा निखाऱ्यातून याम काढायचा, दोन्ही हातांत उडवायचा, फुंकर मारायचा आणि मोठा तुकडा मला द्यायचा. सहा तुकडे तपासले.

७.२५. फोटो टाकला. ‘आजचा नाश्ता. फक्त एक थेंब तेल.’

७.३४. फोटो काढून टाकला.

बाजूला यामचं डोकं होतं. ओल्या मातीसकट.

रविवार, दुपारी
नऊ मिनिटं. रविवारी सकाळी साडेसातला कोण बघतं? सगळे चर्चमध्ये मिस्साला जायच्या गडबडीत असतात. कोणी पाहिलं नसणार.

रविवार, संध्याकाळी
क्लीटसने फोटो परत टाकला. मोठा करून.

मी लिहिलं, बटाटा आहे. त्याने लिहिलं, हातभर लांब बटाटा आम्हीही लावू म्हणतो, दादा, बियाणं द्या. मी लिहिलं, मग जुना याम असेल. तेवढ्यात ओझोएमेनाकाका लिहू लागले. काका नव्वदीचे, पण धाकट्या पातीचे, त्यामुळे याम कापायचा मान त्यांचा नाही; भावकीचे न्यायाधीश मात्र तेच. गटावर आजवर त्यांनी एकच गोष्ट पाठवली होती, तीही चुकून. त्यांनी लिहिलं, जुना याम या दिवसांत सुरकुततो, कोंब धरतो. हा परवा जमिनीतून निघालाय. शनिवारी गावी ये.

पाचावर धारण बसली. मग डोकं शांत केलं. हवेचा मुद्दा माझ्याकडे आहे.

शनिवार, २६ जुलै
गावी जाऊन आलो. काकांच्या अंगणात नऊ जण. क्लीटस खाली मान घालून बसला होता, म्हणजे हसत होता. मी पुस्तिका नेली होती. विस्तव आणि हवा यांतला फरक समजावून सांगितला, आकृतीसकट. तपासणी आणि खाणं यांतलाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, जिंकलो.

काकांनी पुस्तिका उलटी धरून पाहिली आणि परत दिली.

“हवा राहू दे, बेनेडिक्ट. तोंड कोणाचं होतं?”

मी म्हणालो, माझं.

“मग झालं तर.”

निकाल: एक कोंबडा, ताडीचं एक मडकं, आणि यंदा याम क्लीटस कापेल. मी सगळ्यांत शेवटी खायचं, पोरांच्याही नंतर. पुढच्या वर्षी बघू. शेवटी काका हळूच एवढंच म्हणाले, अँब्रोजने चाळीस वर्षं तोंड सांभाळलं, तुला साठ दिवस जड गेले. त्यावर माझ्याकडे आकृती नव्हती.

मंगळवार, २९ जुलै
हा निकाल अन्यायाचा आहे. वर दाद मागता येईल. पण काकांच्या वर फक्त पूर्वज आहेत, आणि त्यांच्याकडे माझी बाजू सध्या कमजोर आहे.

उझोआमाकाला कळवलेलं नाही. ती आल्यावर नीट समजावून सांगीन.

गुरुवार, ७ ऑगस्ट
उझोआमाका आली. अंगावर नवं लुगडं, हातात आणखी दोन. आल्या आल्या फ्रायरचं दार उघडून आत पाहिलं, जाळी बोटाने पुसली, बोट पाहिलं. मग म्हणाली, यामचं कळलं मला, त्याच दिवशी. क्लीटसच्या बायकोने फोटो पाठवला होता.

मी म्हटलं, ते सोड, प्रेशर बघ किती उतरलं, माणूस किती बारीक झाला. सगळं या मशीनमुळे. ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. लुगड्याच्या पदराने डोळे पुसत म्हणाली, “अहो, जाताना एबुबेच्या आईला दोन महिन्यांचं सांगून गेले होते. वेगळं पातेलं, मीठ चिमूटभर, तेल नाही, आणि लाल रस्सा मागितला तर संपला म्हणायचं.”

रोज संध्याकाळी दोघी फोनवर माझं ताट तपासत होत्या. बत्तीस वर्षं मी शाळांना आधी न कळवता जात असे. हे माझ्या बाबतीत होईल असं कधी वाटलं नव्हतं.

शनिवार, ९ ऑगस्ट, सण
सकाळी अंगरखा घातला. सातही बटणं लागली. आरशात क्षणभर दादा दिसला. मग काढला, घडी घातली. वहिनीचा निरोप होता, जो कापेल त्याला द्या.

क्लीटसला खालची चार बटणं लागली नाहीत. उघड्या पोटाने त्याने याम कापला, वाकडा कापला, चारऐवजी तीनच दिशांना दाखवला. पूर्वजांनी काही तक्रार केली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे पोरांच्या ओळीत उभा होतो, पोट आत घेऊन, सवयीने. पुढचं पोरगं मागे वळून म्हणालं, आजोबा, तुमचा नंबर आमच्यानंतर आहे. म्हटलं, माहीत आहे.

शेवटी माझा तुकडा आला. गार झाला होता. निखाऱ्यावरचा, कडेला करपलेला, लाल तेलात बुडवलेला. खाल्ला. फ्रायरमधला असा लागला नव्हता. त्याला धूर नव्हता आणि त्या दिवशी माझ्या आधी कोणी खाल्लंही नव्हतं. दादाची फार आठवण आली आणि सगळ्यांसमोर रडू आलं. उझोआमाकाने पाण्याचा पेला पुढे केला.

पुतण्यांच्या बायकांनी रेसिपी विचारली. म्हटलं, एबुबेच्या आईला विचारा.

शेरा: उद्यापासून फ्रायरमध्ये परत ब्रेड.