सातवी मुलगी

सर, आपल्या लॉ कॉलेजचं पहिलं वर्ष बंद झालं. दिवाळीच्या सुट्टीत संस्थेनं ठराव केला आणि प्रभारी प्राचार्य म्हणून त्यावर माझी सही आहे. साठ जागांसाठी यंदा सात मुलं आली होती. तुम्ही पुरावा कायदा शिकवायचात तेव्हा मागची मुलं खिडकीत बसायची. आता मी त्याच खोलीत शिकवते आणि आवाज इतका घुमतो की मुद्दाम हळू बोलावं लागतं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला अजून मंगरूळपीरचा तो बाजार आठवतो. मी दुसऱ्या वर्षाला होते. बाबांनी शिक्षण थांबवलं होतं आणि मी मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. पाचव्या दिवशी तुम्ही वाशीमहून एसटीनं आलात आणि उभ्या बाजारात मला म्हणालात, "न येण्याचं कारण सांगायला तोंड होतं ना?" मी हातातली जुडी बांधत राहिले. बाबा म्हणाले, "सर, शिकून काय जज होणार हाये थे?" तुम्ही म्हणालात, "ते मला माहीत नाही. वकील होईल, आणि तेही वाचलं तर. पहिली काही वर्षं हातात फार काही पडणार नाही, हेही आत्ताच सांगतो." बाबांनी माझ्या हातातली जुडी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मी वर्गात होते. पुढे सनद मिळाल्यावर माझी पहिली अशील तुम्हीच पाठवलीत, अनसिंगची एक म्हातारी. तिच्या शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा वाद होता. ती केस मी हरले, तरी तुम्ही दुसरी पाठवलीत.

यंदा जूनमध्ये अध्यक्षांनी मला एकटीला बोलावलं. "वीस प्रवेश झाले नाहीत तर दिवाळीनंतर पहिलं वर्ष चालवायचं नाही. आणि मॅडम, हे बाहेर जाऊ देऊ नका," असं ते म्हणाले. आमचे पगार पाच महिन्यांपासून थकले होते. समाजकल्याणची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, म्हणून संस्था मुलांकडून फी आधीच मागते, आणि फी आधी मागितली की मुलं येत नाहीत. सीईटी दिलेल्या पण कुठंच प्रवेश न घेतलेल्या मुलांची यादी घेऊन आम्ही गावोगाव हिंडलो. एकानं तर तोंडावर विचारलं, "तीन वर्षं शिका, मंग सिनियरच्या मागं फायली धरून फुकट फिरा, यात काय हाये मॅडम?" मी यादीतल्या त्याच्या नावावर काट मारली.

इंझोरीला गेले तेव्हा प्रवेशाचे चार दिवस उरले होते आणि मुलं सहा झाली होती. यादीतली मुलगी मळ्यात वांगी तोडत होती. बीए झालेली, हुशार, डोळ्यात डोळे घालून बोलणारी. नवरा गेल्यावर तिची आई एकटीच भाजीचा मळा बघत होती. बाईनं मला बाजेवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "विहिरीवरच्या नव्या मोटारीसाठी पैसे ठेवले हायेत. थे इच्या फीले लावतो. मोटार पुढच्या साली पाहू. पण मॅडम, पोरगी वकील होईन ना?"

"होईल," मी म्हणाले.

"कॉलेज चालू राह्यते ना तवरिक?"

"राहील की."

त्या मुलीनं पहिल्या दिवसापासून एकही तास चुकवला नाही. पहिल्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारून मला थकवायची. तिच्या आणि इतरांच्या फीतून आम्हाला एका महिन्याचा पगार मिळाला. मी घरात गॅस भरला आणि किराणा आणला.

ठराव झाल्यावर सातही मुलांना अकोल्याच्या कॉलेजात पाठवायचं ठरलं. बाकीचे कसेबसे गेले. इंझोरीहून रोज अकोला जमण्यासारखं नव्हतं, आणि तिथं खोली घेऊन राहणं तर नाहीच. काल ती कागदपत्रं परत घ्यायला आली. फीचं विचारलं तेव्हा कारकून म्हणाला, जमेल तसं देऊ. मळ्यातली जुनी मोटार ऐन हंगामात जळाली, वांगी वाळली आणि आई आता दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते, हे सगळं तिनं न रडता सांगितलं. मार्कशीट पिशवीत नीट ठेवली. दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"मॅडम, तुमी घरी आल्या तवा तुमाले मालूम होतं काय?"

मी म्हणाले, "नाही गं."

तिनं मान हलवली. "मले वाटलंच. तुमी कायले खोटं बोलसान," असं म्हणून ती गेली. खिडकीतून ती फाटकाबाहेर पडेपर्यंत मला दिसत होती. हाक मारता आली असती.

सर, हे पत्र द्यायला तुम्ही नाही, म्हणूनच इतकं लिहून झालं. तुम्ही समोर बसून तेच विचारलं असतं, तर तुम्हालाही मी नाहीच म्हणाले असते.