दुसरी पंगत

नांदुरा, ता. २५ ऑगस्ट १९६३

चि. रुख्मिणीस,
दादाचे अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

विलायतेत नर्सिंग शिकायला जायच्या बोटीचं तिकीट हाती आल्याचं तुझं पत्र पोचलं. तुझ्या वहिनीने ते शेजारच्या चार घरांत वाचून दाखवलं, आणि आता आळीतल्या बाया मला येता-जाता थांबवून विचारतात की पोरगी बोटीवर भाकरी कुठं थापणार. मी मास्तर असल्यामुळे मला सगळं माहीत असलंच पाहिजे असा त्यांचा समज आहे. मी कधी पूर्णेच्या पुरातसुद्धा पाय घातलेला नाही, हे त्यांना कोण सांगणार?

रविवारी एस.टी.ने वरवटला जाऊन आलो. माय बरी आहे. तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटते आहे, जणू काही लंडनभर वाटायची आहे. बाबांचं मात्र चित्त थाऱ्यावर नाही. तिकिटावर टूरिस्ट क्लास लिहिलंय असं सांगितल्यावर त्यांनी रेल्वेच्या थर्ड क्लाससारखा का, असं विचारलं. मग खोलीत कोण कोण, रांधणारा कोण, आणि शेवटी खरा प्रश्न, जेवायला कुठं बसवतात.

नांदुऱ्याच्या फलाटावर त्यांनी तुझ्याकडून शब्द घेतला तेव्हा मी सामान चढवत होतो, पण कान तिकडेच होते. शेवटच्या पंगतीत बसवलं तर पोरी तू उठ, हा तो शब्द. गाडी सुटायच्या घाईत तू हो म्हणालीस. मला वाटलं विषय संपला. पण बाबांच्या मनात पाटलांच्या घरचं ते जुनं लग्न अजून संपलेलं नाही. आपली माणसं काट्याच्या कुंपणाशी दिवस मावळेपर्यंत ताटल्या घेऊन बसली होती, आणि शेवटी वरून खरवड टाकली. बाबा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे, उपाशी उठून आले. त्यानंतर ते आजतागायत दुसऱ्याच्या पंगतीला बसलेले नाहीत. तू लहानपणापासून ऐकलंयस, नव्याने काय सांगू.

तेव्हा बोटीचं सगळं नीट विचारून लिही, म्हणजे मला त्यांना सांगता येईल. वहिनीचा आशीर्वाद, पोरांचा दंगा सोबत जोडला आहे.

तुझा दादा
पंजाब

* * *

मुंबई, ता. १ सप्टेंबर १९६३

ती. दादास,
रुख्मिणीचा सा. न. वि. वि. आणि जयभीम.

तुझा हुकूम शिरसावंद्य मानून बोटीच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या कारकुनाला मी इतके प्रश्न विचारले की मी बोट विकत घ्यायला आले की काय असं त्याला वाटलं असेल.

तर ऐक, आणि बाबांना सावकाश सांग. बोटीवर दोनच वर्ग. वर फर्स्ट क्लास, खाली टूरिस्ट. वरच्यांच्या खोलीला खिडकी, स्वतःचं न्हाणीघर. आमच्या खोलीत चार बायका, पलंगावर पलंग, न्हाणीघर बोळाच्या टोकाला. वरच्यांचं जेवणघर वेगळं, फिरायची जागा वेगळी. मध्ये एक दार आहे. वरच्यांना खाली यायची मुभा, खालच्यांनी वर जायचं नाही. हे मलाही टोचलं, खोटं कशाला बोलू. पण कारकून म्हणाला की तिथं नाव-गाव-जात कोणी विचारत नाही, तिकीट विचारतात. वरचं तिकीट काढलं की कोणीही वर. जेवण सगळ्यांच्या तिकिटातच आलं, आणि मांस न खाणाऱ्याला वरण-भात मिळतो.

तिथंच एक आशाबाई भेटल्या. मेहकरच्या, नवरा विलायतेत डॉक्टर आहे, त्याच्याकडे निघाल्यात. इंग्रजीचा गंध नाही, घाबरून हातातलं तिकीट पुन्हा पुन्हा उलटून बघत होत्या. मी बुलढाणा जिल्ह्यातली आहे म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. माहेरचं माणूस भेटलं म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. एवढ्या परक्या गर्दीत एक तरी माणूस आपली बोली बोलणारं.

मायला म्हणावं चटणी पोचली. अर्धी हॉस्टेलातच संपली.

आठवण ठेव, मी ठेवतेच आहे.
तुझी
रुख्मिणी

* * *

एडन बंदर, ता. १५ सप्टेंबर १९६३

ती. दादास, सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर मुद्दाम टाकते आहे. बाबांना वाचून दाखवू नकोस, हात जोडते.

पहिल्याच संध्याकाळी जेवणघराच्या मुकादमाने प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. टेबल कोणतं आणि पंगत कोणती, ते तिच्यावर. प्रवास संपेपर्यंत तीच जागा. इथं जेवणघर लहान आणि माणसं फार, म्हणून एकामागून एक दोन पंगती बसतात. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दुसऱ्या पंगतीची चिठ्ठी दिली. माझ्या पुढच्या गोऱ्या बाईला पहिल्या पंगतीची दिली होती.

मी गेले, दादा. दाराशी उभी राहिले. आत पहिल्या पंगतीची उष्टी ताटं उचलणं चाललं होतं, टेबलांवरच्या चादरी झटकत होते. बाहेर आम्ही, आणि आमच्यात निम्मे काळेसावळे. मला ते कुंपण दिसलं. जे मी कधी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलेलं, ते डोळ्यांपुढे जसंच्या तसं. आत जाऊन बसले, पुढ्यात सूप आलं, आणि मी उठले. बाबांना दिलेला शब्द होता. कोणाला विचारायचं तरी काय होतं? मला शेवटी का बसवलं, हे आपल्या तोंडाने विचारायला जीभ उचलत नाही.

त्यानंतर मी जेवणघरात गेले नाही. बिस्किटं आहेत, मायची चटणी आहे. खोलीत केरळच्या एक वयस्क सिस्टर आहेत, त्या चहा आणून देतात. त्यांना वाटतं मला बोट लागलीय. खरी बोट लागलीय आशाबाईंना. त्यांचं डोकं धरून बसते, लिंबू देते, कपडे बदलते. काम असलं की भूक विसरते. पण रात्री परत फिरावं असं फार फार वाटतं. एडनहून मुंबईला जाणाऱ्या बोटी आहेत, ते मी विचारून ठेवलं आहे.

मायला सांग मी मजेत आहे.
तुझी
रुख्मिणी

* * *

नांदुरा, ता. २३ सप्टेंबर १९६३

चि. रुख्मिणीस, अ. उ. आ. व जयभीम.

हे पत्र इंग्लंडातल्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकतो आहे. तू तिथं पोचलीस की अर्ध्या वाटेतून फिरलीस, हेसुद्धा मला माहीत नाही.

तुझी विनंती मला पाळता आली नाही. पत्र आलं त्या दिवशी बाबा बाजाराला आले होते आणि माझ्या शाळेच्या ओसरीवर बसले होते. पाकिटावरचं परदेशी तिकीट बघून हरखले, वाच म्हणाले. मी वाचू लागलो, मधलं गाळू लागलो, आणि अडखळलो. मास्तर असून मला धड गाळताही येत नाही. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. रात्रीच्या वर्गात शिकलेलं त्यांचं वाचन तुला माहीत आहे, एकेक अक्षर बोट ठेवून. दुसरी पंगत या शब्दांवर बोट आलं, आणि तिथंच राहिलं.

त्या दिवसापासून ताटावर बसतात आणि उठतात. पोरगी तिकडे उपाशी, मी इकडे कसा खाऊ, असं म्हणतात. माय रडते. परत ये असं तिला लिही, हे त्यांनी मला बजावलंय, म्हणून लिहितो. पण माझं स्वतःचं मत विचारशील तर मला ठाऊक नाही. तुला परत ये म्हणवत नाही आणि उपाशी रहा म्हणवत नाही. असा मी कसला दादा, सांग.

त्यात वरवटला नवं निघालंय. शाळेची नवी इमारत झाली, त्याचं गावजेवण आहे. सरपंच भगवानराव आपल्या आळीत येऊन सगळ्यांना हात जोडून गेले, एकच पंगत आहे म्हणाले. सगळ्यांना माहीत आहे की आपल्याला बोलावणं दिवसाचं आणि वाढणं दिव्याचं. बाबा तर ऐकूनच आत निघून गेले. ते जाणार नाहीत हे सांगायला नकोच.

जिथं असशील तिथून दोन ओळी धाड. जीव टांगणीला आहे.

तुझा
पंजाब

* * *

मार्सेय बंदर, ता. २५ सप्टेंबर १९६३

ती. दादास, सा. न. वि. वि.

मी जेवते आहे. हे आधी सांगते, मग बाकीचं.

एडन सोडलं त्या दिवशी मी बोळात चक्कर येऊन पडले. केरळच्या सिस्टरांनी उचलून नेलं, आणि खरं कारण काढून घेतलं. मग अशा काही रागावल्या, की मायची आठवण आली. म्हणाल्या, पहिली पंगत लवकरची, ती लेकुरवाळ्यांसाठी. पोरं रडतात, सांडतात, म्हणून त्यांचं आधी उरकतात. टूरिस्टातले डॉक्टर, प्रोफेसर मुद्दाम दुसरी मागून घेतात, निवांत जेवायला मिळतं म्हणून. दोन्ही पंगतींना एकाच भटारखान्यातून वाढतात. माझ्या पुढच्या गोऱ्या बाईच्या कडेवर मूल होतं, दादा. ते मी पाहिलंच नव्हतं. मला नुसता तिचा रंग दिसला. स्वतःचं हसू आलं आणि रडूही. जी चिठ्ठी लोक मागून घेतात, तिच्यासाठी मी उपाशी राहिले.

मधलं दार मात्र खरं आहे. मी रोज त्याच्यापर्यंत फिरायला जाते, पाटी वाचते आणि परत येते. त्याचा राग येतो, पण त्याने गळ्यात घास अडकत नाही. एक दिवस तिकीट काढून वरून येईन.

आता पुढचं. हे बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी परत टेबलावर गेले, तर शेजारची खुर्ची आशाबाईंची. बऱ्या झाल्या होत्या. माझ्या हातचं पाणी पिऊन बऱ्या झाल्या होत्या. सगळ्यांना सांगत होत्या की ही माझी धाकटी बहीण. मग बोलता बोलता त्यांचे मामा वरवटजवळच्या संग्रामपूरला असल्याचं निघालं. वरवटला कोणाच्या घरची, घर कोणत्या अंगाला, असं विचारू लागल्या. मी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. त्या हो का म्हणाल्या आणि भात कालवत राहिल्या. पण खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. मुकादमाला सांगून त्यांनी पंगत बदलून घेतली. वेळ सोयीची पडत नाही हे कारण. शेजारच्या टेबलावर साहेब लोक गाईचं मांस खातात ते चालतं. मी वरण-भात खाल्लेला चालत नाही.

खुर्ची बघून पहिल्यांदा मनात आलं, उठावं. पाय जमिनीला टेकलेही. मग वाटलं, मी का? मला कोणी उठ म्हटलेलं नाही. उठून गेलं ते दुसरंच कोणीतरी. बाबांचा शब्द मोडला की पाळला, मला कळत नाही. मी बसले आणि सगळं संपवलं. घास कडू लागत होता, पण संपवला.

बोळात समोरून आल्या की आशाबाई खाली बघतात. त्यांना अजून इंग्रजी येत नाही. काल न्हाणीघराचं दार त्यांना उघडेना, मी उघडून दिलं.

तुमची सगळ्यांची, इथूनही तेवढीच
रुख्मिणी

* * *

वरवट बकाल, ता. १६ ऑक्टोबर १९६३

माय रुख्मिणी,
तुह्या बाचा जयभीम. लय लय आशीर्वाद.

हे पत्र म्या माह्या हातानं लिहून राह्यलो. पंजाबले सांगतलं नाई. त्यो शुद्धलेखन काढत बसते. चुकलं तं समजून घेजो.

तुहं पत्र पंजाबनं पुरं वाचलं, काही गाळलं नाई. म्या सांगतलं व्हतं, आता गाळशीन तं तुह्या घरी पाणी पेणार नाई. मेहकरवालीचं ऐकलं. तुही माय शिव्या देत व्हती. रातभर तेच डोक्यात. तुले म्या उठ म्हणून सांगतलं, अन् तू बसली. मले आधी राग आला. मंग वाटलं, माह्या उठल्यानं पाटलाचं काय गेलं? लगन झालंच. जेवणं झालेच. उपाशी कोण राह्यलं? मीच ना.

गावजेवण आलं. माय म्हने काऊन जाता, हात धरला. म्या धुतलेलं धोतर नेसलो अन् गेलो. पहिल्या पंगतीत मधात जाऊन बसलो. पत्रावळ मांडेलच व्हती. उजव्या अंगाले दयाराम व्हता, त्यो उठला. डाव्या अंगाचा इंद्रभान बी उठला. वाढणारा आला, माही पत्रावळ सोडून पुढे गेला. भगवानराव खांबापाशी उभे, पाहून राह्यले. चांगला माणूस हाय, पण त्याच्या तोंडात त्या दिवशी जीभ नव्हती.

वांग्याच्या भाजीचा वास येऊन राह्यला व्हता. कुंपण आठवे. पण म्या तुही खुर्ची आठवली. मले बी कोणी उठ म्हणलं नाई, मंग मी काऊन उठू?

पहिली पंगत उठली. झाडलं, माह्या भवताल झाडलं. म्या बसलोच. दुसरी पंगत आली. आता माह्या दोन्ही बाजूले जागा भरल्याबिगर पंगत लागत नव्हती. सहदेव तेली येऊन उजवीकडे बसला, खाली पाहे. डावीकडे कोण व्हतं पाह्यलं नाई. वाढणाऱ्यानं भगवानरावाकडे पाह्यलं. त्याईनं मान हलवली. मंग त्यानं वाढलं, वरून नाई टाकलं, वाकून वाढलं.

दयारामनं बोलणं सोडलं. त्याच्या वावरात या साली आपल्याले काम नाई भेटाचं. माय भिऊन राह्यली, पंजाब बी. म्या बी भेलो, खोटं नाई सांगत. पुढचं पुढे पाहू.

रोडगे कच्चे व्हते माय, भाजीत मीठ जास्त. दोन डाव मागून घेतलं.

तू बी दुसऱ्या पंगतीत जेवली, मी बी दुसऱ्याच पंगतीत जेवलो. तो फलाटावरचा शब्द म्या परत घेतला. आता कुठी बी बसशीन, उठू नोको. ज्याले उठाचं त्याले उठू दे. पोटभर जेवजो.

तुहा बा
कचरू