नसबंदीवरचा आळ

५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. तुला सारखे लघवीला उठावे लागते आणि तरीही तू डॉक्टरांकडे जात नाहीस, हे तुझ्या बायकोने फोनवर रडत सांगितले. कारण ऐकून मात्र मी थक्क झालो. म्हणे, तरुणपणी दादाने नसबंदी करायला लावली, म्हणून आता प्रोस्टेटचा कर्करोग झाला! हे निदान तुझ्या न्हाव्याचे आहे, असेही कळले. त्याचा अधिकार मानेच्या वर चालतो. खालच्या प्रांतात त्याने शिरू नये.

मी डॉक्टरांना विचारले. अनेक मोठ्या अभ्यासांत नसबंदीमुळे हा धोका वाढल्याचे ठोसपणे आढळलेले नाही; काहींत दिसलेली वाढ अगदी किरकोळ आहे. खरा धोका वाढतो तो वयाबरोबर. जन्मभर शिवणकाम करून लोकांची मापे घेतलीस. स्वतःचे माप द्यायची वेळ येताच पळतोस? उद्या जा.

तुझ्यावर रागावलेला, म्हणजेच लोभ शाबूत असलेला,
दादा

१४ मार्च

ती. दादांस शि. सा. न.
गेलो एकदाचा. गाठ-बिठ नाही, ग्रंथी वयामुळे फुगलीय, रक्तही ठीक आहे. नसबंदीचं विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या बिचारीवर कशाला आळ घेता?

मग त्यांनी विचारलं, सख्ख्या भावाची तपासणी झालीय का? मी म्हटलं, त्याने छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तपासल्या, त्याला कोण तपासणार! घरी आल्यावर हिने सांगितलं, की तुम्हीही रात्री उठता आणि नळ बंद आहे का ते बघायला गेलो होतो, अशी थाप मारता. शिवाय पायजम्यावर रक्ताचा डाग वहिनींनी पाहिलाय. दादा, मला ‘उद्या जा’ लिहिलंत, तुम्ही आजच जा. नाहीतर तुमचे आशीर्वाद साभार परत!

माया आहे तेवढी राहू द्या,
धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.
तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. मुद्द्यात एकही नाही. तो डाग पाहून मीही प्रथम माझ्या नसबंदीलाच दूषणे दिली होती. डॉक्टरांना विचारले ते स्वतःसाठीच. नाव तुझे सांगितले.

मंगळवारी सकाळची वेळ मिळाली आहे. तू ये. तुझी वहिनी घाबरली आहे, असे लिहिणार होतो. ती घाबरलेली नाही.

वाट पाहणारा,
दादा