संमतीच्या कागदावरची सही

बर्लिंग्टन, व्हरमाँट
११ फेब्रुवारी २०१४

प्रिय कॉर्लिस,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. कोठडीतलं जेवण तुझ्या आईच्या हातच्यापेक्षा फार वाईट नाही, हे तिला सांगू नकोस. गुडघा कुरकुरतो, पण तो घरीही कुरकुरायचाच. मी आत आल्यापासून तू गोठ्यावर लक्ष ठेवतेस असं आई म्हणाली. बरं वाटलं. माझ्याशी बोलत नाहीस, तरी गाईंशी बोलतेस.

माझ्या वकील बेटनकोर्टबाई वयाने तुझ्याएवढ्या, पण कायदा तोंडपाठ. कॅनडाने मला मागितलंय ते अपघात करून निघून गेल्याबद्दल, तेवढंच. आणि प्रत्यर्पण कराराचा नियम असा, की ज्या गुन्ह्यासाठी माणूस नेला त्याचाच खटला चालवायचा, दुसरं काही उकरून काढायचं नाही. "व्हीलॉकसाहेब, थोडी कळ काढा," बाई म्हणाल्या. "सुनावणी होऊन गेलात तर तो नियम तुमच्या पाठीशी. फार तर दोन वर्षांत घरी याल."

पहिल्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, ऑरिन व्हीलॉक तुम्हीच का? मी म्हणालो, चौसष्ट वर्षं तरी मीच आहे. पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा हसला.

पण गंमत बघ. 'तू हे केलंस का?' असं या कोर्टात कुणी विचारतच नाही. माणूस तोच का, दोन्ही देशांत हा गुन्हा आहे का, खटला भरण्यापुरता पुरावा आहे का, एवढंच बघतात. निवाडा पलीकडे, कॅनडात. चार महिने मी उत्तर घेऊन बसलोय.

बाईंनी आपणहून पलीकडे जायच्या संमतीचा कागदही दाखवला होता, तो सही करू नका हे सांगायलाच. सही केली की सुनावणी नाही, आणि त्या नियमाचा आधारही गेला. मग पलीकडे कशाचाही खटला भरता येतो. सोमवारी मी सही केली.

"काय करून बसलात, कळतंय का?" बाई म्हणाल्या.

"कळतंय, म्हणूनच केली."

कागद आपटून गेल्या. चांगली मुलगी आहे. वाईट वाटलं मला.

अपघाताच्या त्या दुपारी सीमेपलीकडे गाडीपुढे हरीण आलं असं वाटलं, हे मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. तू एकटीने विचारलंस, "बाबा, तुम्ही खाली उतरला होतात का?" मी तुझ्यावर ओरडलो, आणि तीन वर्षं तू घरात पाऊल ठेवलं नाहीस.

उतरलो होतो, पोरी. माझी गाडी ज्याला लागली, रेजाँ त्याचं नाव. दारातल्या पत्रपेटीवरचा बर्फ झाडत होता. तो जिवंत होता. त्याने माझी बाही धरली. मी प्यायलो होतो. फोन केला असता तर पोलीस आले असते. मी बाही सोडवली आणि सीमा ओलांडून घरी आलो. कॅनडाच्या कागदात यातलं एक अक्षर नाही. त्याच्या बायकोला वाटतं, तो जागीच गेला.

गुरुवारी मला पलीकडे नेतील. तिथे हे सगळं मी तिच्या देखत सांगणार आहे. भीती वाटत नाही, खरंच नाही. बऱ्याच दिवसांनी झोप लागते. भेटायला ये म्हणत नाही. पण विचारलं होतंस तू, म्हणून आधी तुला.

खाली उतरलेला आणि परत गाडीत बसलेला,
तुझा बाप
ऑरिन